पंचवीस बेदाणे

आमचं स्वयंपाकघर ९ फूट बाय ६. त्यात ओटा, फ्रिज, सिलिंडर, पाण्याचं पिंप आणि आमची ही एवढं सगळं मावतं. मी मावत नाही, असं हिचं मत आहे. म्हणून मी बाहेर बसून वाचतो. सध्या वाचतोय ते सहा माणसांबद्दल. त्यांचं स्वयंपाकघर, शेजघर, दिवाणखाना सगळं मिळून १२ फूट बाय ९, आणि तेही अंटार्क्टिकाच्या बर्फात कोरलेलं!

साल १९१२. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतली ही तुकडी, प्रमुख व्हिक्टर कॅम्पबेल. जानेवारीत जहाजाने त्यांना सहा आठवड्यांच्या शिध्यानिशी किनाऱ्यावर सोडलं, आणि पुढे समुद्रातलं बर्फ आडवं आल्यामुळे ते न्यायला आलंच नाही. बदलीवर गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मार्चमध्ये मंडळींनी गुहा खोदली आणि चूल मांडली. चूल कसली, तेलाचा रिकामा डबा! सरपण म्हणजे सीलची चरबी, आणि वात म्हणून सीलचीच जुनी हाडं. धुराने माणसं काळीठिक्कर. एकदा वादळात धुराडं बुजलं आणि आतले दिवे एकेक करून मंदावत चालले. दिव्याला हवा पुरत नाही तिथे माणसाला कुठून पुरणार? धडपडत धुराडं मोकळं केलं म्हणून वाचले.

पण मला खरा भावला तो रेमंड प्रीस्टली. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, पण कोठाराच्या चाव्या याच्याकडे. म्हणजे आमच्याच जातीचा, कॅशियर! साखरेचे १२ खडे दर रविवारी. बेदाणे २५, महिन्याच्या शेवटच्या तारखेला. मोजून! अहो, हा तर चक्क पगार झाला. उपाशी माणसांसमोर बेदाण्यांचा हिशेब चोख ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने एक तारखेला काउंटर सांभाळलाय त्यालाच कळेल. एकदा एका सीलच्या पोटात खाण्याजोगे ३६ मासे निघाले. ही जमा कुठल्या खात्यात टाकली असेल, याचा मी अजून विचार करतोय.

कॅम्पबेलने जमिनीवर एक रेघ मारली होती. अलीकडे तीन अधिकारी, पलीकडे तीन खलाशी. पलीकडचं बोलणं अलीकडे ऐकू आलं तरी आलं नाही असं मानायचं. आमच्या साहेबांच्या केबिनला याचसाठी काच बसवली आहे.

३० सप्टेंबरला ते निघाले आणि ७ नोव्हेंबरला तळावर पोचले. सहाच्या सहा, जिवंत.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. चुलीशी मात्र ती रेघ नव्हती. एक अधिकारी, एक खलाशी अशी जोडी पाळीपाळीने रांधायची, हेही सांगितलं. तेवढंच सांगायला नको होतं, असं आता वाटतं.

"म्हणजे साहेबसुद्धा?" ही म्हणाली आणि पिंपाजवळून थोडी बाजूला सरकली. "या. मावाल."