बिनबंदुकीची फौज

मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी महाडला थांबतो तो चहापुरता. फार तर चवदार तळे पाहतो, रायगडाची वाट विचारतो आणि पुढे जातो. सवची वाट सहसा कोणी विचारीत नाही. महाडपासून थोड्याच अंतरावर, सावित्रीच्या काठी हे गाव आहे आणि त्याचे वैभव म्हणजे ऊन पाण्याचे झरे. पाण्याला गंधकाचा वास येतो, सकाळच्या गारव्यात वर वाफ तरंगत असते आणि सांधे धरलेली, अंगाला खाज सुटलेली माणसे आसपासच्या खेड्यांतून येऊन या पाण्यात बसतात. देहाला शेक मिळाला म्हणजे माणसाची जीभही सैल होते. ज्याला कोकणचा माणूस ओळखायचा असेल त्याने देवळापेक्षा अशा ठिकाणी जावे.

या ठिकाणी माझ्या शेजारी बसलेले पन्नाशीचे गृहस्थ गुडघे चोळीत होते. "सर, वाफेची सवय आहे मला. चार वर्षं वाफेतच काढली," ते म्हणाले. मला वाटले, महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा बॉयलर असेल. निघाले ते भलतेच! हे गृहस्थ काबूलच्या उत्तरेस असलेल्या बगराम येथील अमेरिकन तळावर २००९ ते २०१३ पर्यंत कपडे धूत होते.

दुबईतले काम सुटले तेव्हा एका दलालाने दुप्पट पगाराची गोष्ट काढली. दलाली देण्यासाठी कर्ज झाले आणि कर्ज झाल्यावर मागे फिरण्याची सोयच उरली नाही. तळ म्हणजे एक शहरच होते. जाळीच्या पेट्यांत माती भरून रचलेल्या भिंती, पायाखाली खडी, रात्रंदिवस विमानांची घरघर आणि क्षितिजावर बर्फाचे डोंगर. काम रोज बारा तास. लाकडी खोलीत आठ जण : कोणी केरळचा, कोणी नेपाळचा, कोणी फिलिपाइन्सचा. पहिले पंधरा दिवस भोंगा वाजला की हे गृहस्थ धावत आडोशाला जात. पुढे, भोंगा वाजला तर हातातला घास संपवून उठू लागले. "आपल्याकडे पावसात वीज गेली की कोण घाबरतं? तसंच ते," असे ते म्हणाले. रविवारी डाळभात आणि कोणी सुट्टीहून आणलेले कोकम मिळाले म्हणजे सण साजरा होई.

घरी मात्र ते दुबईतच होते! पत्नीला त्यांनी खरे सांगितलेच नव्हते. एकदा फोनवर बोलताना भोंगा ऐकू गेला, तेव्हा "पाळी सुटली," म्हणून वेळ मारून नेली. महाडच्या बाईला कारखान्याचा भोंगा नवा नव्हता; तिने विश्वास ठेवला.

शिपायांचे कपडे पिशवीतून येत. पिशवीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडा. कधीकधी धुऊन, घड्या घालून ठेवलेली पिशवी कोणी न्यायलाच येत नसे. माणसाची बदली झाली की दुसरे काही झाले, हे विचारायचे नाही, असा अलिखित नियम होता. "आणि तुम्हांला काही झालं असतं तर?" मी विचारले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मीही आकडाच होतो की, सर."

ही गोष्ट एका माणसाची नव्हे. २००९ च्या सुमारास अफगाणिस्तानात अमेरिकेच्या सैनिकांपेक्षा तिची कंत्राटी माणसे अधिक होती. अशा माणसांचा विमा उतरवणे अमेरिकेच्या १९४१ च्या एका कायद्याने कंत्राटदारांवर बंधनकारक आहे आणि परदेशी मजूरही त्यातून वगळलेले नाहीत. आमच्या गृहस्थांनी हे नावही ऐकले नव्हते. सैनिक पडला की त्याचे नाव जाहीर होते. धोब्याची नोंद विम्याचा दावा झाला तर होते, आणि दावा करायला आधी हक्क ठाऊक असावा लागतो.

महाड तालुक्याला युद्ध नवे नाही. फौजी आंबवडे या गावाने आपल्या नावातच लष्कर बांधून ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. इतिहासाच्या पुस्तकात पलटणींचे क्रमांक आहेत. पण त्याच वेढ्यात सुमारे साडेतीन हजार हिंदी बाजारबुणगेही उपाशी होते : भिस्ती, आचारी, धोबी, खेचरवाले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या हिंदी माणसांपैकी जवळजवळ निम्मी अशीच बिनबंदुकीची होती. आपण मराठीत 'बाजारबुणगे' हा शब्द किती सहज तुच्छतेने वापरतो! पानिपतावरही आपण त्यांनाच बोल लावतो. परंतु पाणी, भाकरी आणि धुतलेला सदरा यांवाचून कोणती फौज लढली आहे?

२ जुलै २०२१ रोजी अमेरिकेने बगराम सोडले. त्याच महिन्यात, २२ जुलैला, सावित्रीचे पाणी महाडात शिरले. आमच्या गृहस्थांच्या घरातला गाळ तीन दिवस उपसला जात होता आणि त्या गाळात ट्रंकेतले तळावरचे ओळखपत्र निघाले. खरी हकीकत पत्नीला कळली ती तेव्हा. ती काय म्हणाली? "काही नाही बोलली. ओळखपत्र धुतलं, उन्हात वाळवलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. अजून तिथंच आहे."

गावोगावी पडलेल्या जवानांच्या नावांचे शिलालेख आहेत, आणि ते असावेतच. पण कूतच्या भिस्त्याचे किंवा बगरामच्या धोब्याचे नाव कोरलेला दगड माझ्या पाहण्यात नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरातून आज कोणी अशा दूरच्या तळावर कामाला जात असेल, तर निघण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी जरूर कराव्यात : विम्याचा कागद मागून घ्यावा आणि आपण नेमके कुठे चाललो आहोत, ते घरच्यांना खरे सांगावे.