घोंगडीचा कोट

म्हैसूर शहराच्या वायव्य भागात विजयनगर नावाची मोठी वसाहत आहे. नाव ऐकून परगावच्या माणसाला हंपी आठवते. परंतु तुंगभद्रेकाठच्या त्या भग्न राजधानीशी हिचा संबंध नावापुरताच. चार टप्प्यांनी वाढत गेलेली, सरळ आखलेल्या रस्त्यांची आणि योगनरसिंहाच्या देवळामुळे गावभर ठाऊक असलेली ही वस्ती निवृत्त माणसांना मानवते. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर असूनही येथे कडाक्याची थंडी पडत नाही. पौषातल्या पहाटेलाही एक शाल पुरते. अशा या वसाहतीतल्या एका मराठी घरात, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, तीन किलो वजनाचा काळा लोकरी कोट तीस वर्षे पडून होता. घरमालक मूळचे खानापूर तालुक्यातले, वय पंचाहत्तर. कोट त्यांच्या वडिलांचा. तो द्यावा की ठेवावा, ठेवला तर कोणी घालावा, हा प्रश्न दर दिवाळीच्या आवराआवरीत निघे आणि तसाच मिटवला जाई. या भिजत घोंगड्याला त्या घरात शब्दशः अर्थ होता, कारण कोट घोंगडीचाच होता.

घोंगडी कापून कोट शिवणे ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी. मेरिनोची मृदुता तिच्यात शोधू नये. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजून सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर ते विणायचे, ही तिची रीत. महाराष्ट्रात सनगर आणि खुटेकर, कर्नाटकात कुरुब हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. चळ्ळकेऱ्याच्या कांबळ्यांना कर्नाटकात आजही नाव आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेले, तेव्हा या जोडदेवाच्या साक्षीला त्यांनी मोठे महत्त्व दिले. कानडी आणि मराठी मुलखाच्या सीमेवर भाषेचे वाद कितीही झाले, तरी घोंगडी मात्र दोन्हीकडे सारखीच खांद्यावर राहिली.

घोंगडीला माप असते, पण ते माणसाचे नव्हे, मागाचे. ती कोणाच्याच अंगाची नसते, म्हणून सर्वांच्या अंगाला होते. ऊन असता घडी करून खांद्यावर टाकावी, रात्री अंथरावी वा पांघरावी, पावसात दोन कोपरे आत वळवून खोळ करावी आणि डोक्यावर घ्यावी. मलनाडात या खोळीला कोप्पे म्हणतात. शहरी माणसाला लोकर म्हटली की थंडी आठवते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या माणसाला पाऊस आठवतो. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही; शिवाय ओल घेताना थोडी ऊब सोडतो. राठ सुतावरून पाण्याचे थेंब बराच वेळ ओघळून जातात. पण या वस्त्राची एक अडचण आहे. खोळ सावरायला एक हात लागतो. गुराख्याचे एका हाताने भागते, कारण त्याला काठीपुरताच हात हवा असतो. ज्याच्या कामाला दोन्ही हात लागतात, त्याने काय करावे?

या गृहस्थांचे वडील असेच दोन हातांचे काम करणारे होते. गोव्याकडे उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावर, कॅसलरॉकला, ते रेल्वेत कीमन होते. गँगमधली माणसे कीमनला चावीवाला म्हणत. कॅसलरॉक ते मुरगाव हा मीटरगेज मार्ग १८८८ साली वाहतुकीला खुला झाला. घाटातला चढ सदतिसाला एक, वाटेत बोगदे, एका वळणावर दूधसागरचा धबधबा. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि सरहद्दीवरचे हे स्टेशन पुन्हा गजबजू लागले, त्या सुमारास वडील येथे आले. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतले पाच-सहा किलोमीटर चालायचे, रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या पाहायच्या आणि सैल झालेली चावी वाकून हातोड्याने ठोकून बसवायची. जवळ हातोडा, पाना, तांबडे-हिरवे निशाण आणि धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके. पावसाळ्यात रात्रीची गस्तही असे. कॅसलरॉकचा पाऊस हा सामान्य पाऊस नव्हे. कर्नाटकातल्या अतिवृष्टीच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तेव्हा खोळ धरून चावी ठोकता येत नाही, हे वडिलांना पहिल्याच आषाढात कळले असावे. त्यांनी घरची घोंगडी लोंढ्याच्या एका शिंप्यापुढे टाकली.

असा प्रसंग जगात अन्यत्रही घडला आहे. १८११ साली, उत्तर अमेरिकेतल्या ह्यूरॉन सरोवरातील सेंट जोसेफ बेटावर ब्रिटिशांचे एक ठाणे होते. हिवाळा आला, पण सैनिकांचे ओव्हरकोट आले नाहीत. ठाण्याच्या अधिकाऱ्याने कोठारातल्या जाड कांबळी मागवून त्यांचेच कोट शिवून घेतले. पुढे जंगलतोड करणाऱ्या मजुरांनी ते रूप उचलले आणि माकिनॉ या नावाने ते रूढ झाले. कामगाराचा लोकरी कोट हा अनेकदा असा कापलेल्या कांबळ्यातून जन्मतो. आणि कापड कापले की मापाचा प्रश्न उभा राहतो, जो घोंगडीला कधीच पडलेला नव्हता.

कोट या गृहस्थांना कधीच आवडला नाही. ते बेळगावला वसतिगृहात राहून शिकत असताना, १९६८च्या जुलैत, रात्रपाळी संपवून वडील त्यांना भेटायला आले. अंगात तोच कोट, ओल्या मेंढीचा तो ओळखीचा दर्प, पाठीवर बोंगा, बाह्या मनगटाच्या वर. वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुले उभी होती. कोणी हसले की नाही, हे त्यांना आज सांगता येत नाही. वडिलांना फाटकापर्यंत पोचवताना ते एवढेच म्हणाले, “अप्पा, इकडं येताना हा कोट घालू नका.” वडील बरे म्हणाले. पुढच्या महिन्यात ते आले ते सुती सदऱ्यात, मोडकी छत्री घेऊन, संपूर्ण भिजून. चहा घेताना त्यांचा कप बशीवर वाजत होता. त्याविषयी दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही, तेव्हाही आणि नंतरही.

मराठी आत्मपर लेखनात वडिलांचा कोट ही वस्तू बहुधा गहिवरासाठी येते. तो कोट जीर्ण असतो, ठिगळाचा असतो, आणि त्याची ठिगळे मोजता मोजता लेखक स्वतःची सहृदयताही मोजून दाखवतो. कोट कसा बेतला होता, हे क्वचितच कोणी पाहते. या गृहस्थांनीही पाहिले नव्हते. वडील वारल्यावर, १९९४ साली, त्यांनी तो एकदा आरशापुढे अंगात घातला. पाठ ढगळ, पुढचा घेर वर ओढल्यासारखा, हात पुढे आलेले. खेड्यातल्या शिंप्याला कोट काय ठाऊक, असे म्हणून त्यांनी तो डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला.

ट्रंक पुन्हा उघडली ती नातीमुळे. काश्मीरच्या खोऱ्याला उर्वरित देशाशी जोडणारा रेल्वेमार्ग जून २०२५मध्ये सलग झाला. त्या मार्गाच्या देखभालीच्या कामावर, बनिहालच्या बाजूला, तिची नेमणूक झाली. अंगावर घालायला कापूस भरल्यासारखे दिसणारे, हलके, कृत्रिम धाग्याचे जाकीट तिच्याकडे होते. परंतु रुळांचे जोड वितळवून जुळवताना ठिणग्या उडतात आणि त्या जाकिटाला भोके पडतात. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो, हे तिने प्रशिक्षणात पाहिले होते. लोकर सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर करपते आणि विझते. “आजोबा, पणजोबांचा तो कोट आहे ना अजून?” तिने विचारले. एवढ्यावर कोट वसाहतीतल्या एका जुन्या शिंप्याकडे गेला.

नवे लोकरी कपडे घेणारा माणूस छातीचे माप देतो आणि तेथेच चुकतो. जाड कापड आतून जागा खाते. कापड अर्धा सेंटिमीटर जाड असले, तर केवळ त्या जाडीमुळे आतला घेर बाहेरच्यापेक्षा तीन सेंटिमीटरांहून अधिकने कमी भरतो. खाली स्वेटर असला तर आणखी. म्हणून असा कोट सदऱ्यावर घालून पाहणे निरर्थक आहे; ज्या कपड्यांवर तो घालायचा, ते सारे अंगात असले पाहिजेत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापासून किंचित खाली उतरली तर चालते, आत आली तर चालत नाही. बाजू आत घेता येतात, बाही आखूड करता येते, पण जाड लोकरीचा खांदा उसवून पुन्हा बसवणे हे शहाणा शिंपी टाळतो. मुंढ्याची गोष्ट तर सामान्य समजुतीच्या उलट आहे. मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहील असे वाटते. प्रत्यक्षात हात वर केला की खोल मुंढ्याबरोबर सबंध कोट वर उचलला जातो. बगलेला जवळ बसणारा मुंढाच हात मोकळा ठेवतो. जुन्या अंगरख्याच्या शिंप्यांना हे ठाऊक होते; बगलेत ते चौबगला घालीत.

म्हैसूरच्या त्या शिंप्याने कोट उलटा करून फळीवर पसरला आणि बराच वेळ शिवणींवरून बोटे फिरवली. मग कानडीत विचारले, “सार, हे काम कोणाचं?”

“लोंढ्याचा कोणी शिंपी होता, मेस्त्री. नाव नाही ठाऊक.”

“शिवणाऱ्याचं नाही विचारत. घालणारा काय काम करायचा?”

गृहस्थांनी सांगितले. मेस्त्रींनी मान हलवली आणि एकेक जागा दाखवू लागले. पाठीचा पन्ना पुढच्यापेक्षा चार बोटे जास्त होता. खांद्यांच्या पात्यांखाली दोन चुण्या घालून त्या कमरेशी दाबल्या होत्या. हात पुढे घेऊन घणाचा घाव घालताना उघडतील आणि सरळ उभे राहिल्यावर मिटतील, अशा. तोच तो बोंगा. पुढचा घेर मुद्दाम आखूड होता, कारण वाकल्यावर तो गुडघ्यांत येऊ नये. मागचा लांब, कारण वाकल्यावर कंबर उघडी पडू नये. बाह्या सरळ न बेतता कोपराशी पुढे वळवल्या होत्या आणि मनगटावर दोन बोटे आखूड ठेवल्या होत्या, म्हणजे ओला काठ हातोड्याच्या दांड्यात अडकणार नाही. बगलेत चौबगला. उजव्या खांद्यावर आतून घोंगडीचाच दुसरा थर. तेथे हातोडा टेकत असे, आणि ती जागा झिजून गुळगुळीत झाली होती. कापण्यापूर्वी घोंगडी पाण्यात तुडवून आकसून घेतली असणार, नाहीतर पहिल्या पावसातच कोट पोराच्या मापाचा झाला असता, असेही मेस्त्री म्हणाले. “उभ्या माणसाचा कोट नाही हा, सार. वाकलेल्या माणसाचा आहे. आरशासमोर कसा चांगला दिसेल?”

गृहस्थ दुकानातल्या बाकावर बसले. मेस्त्रींनी पाणी मागवले. त्यांनी ते घेतले नाही.

नात संध्याकाळी आली, सांगितल्याप्रमाणे आतले जाड कपडे आणि स्वेटर घालून, म्हैसूरच्या उकाड्यात घामाघूम होत. कोट तिला छातीत चार बोटे सैल झाला, खांद्याला मात्र जवळजवळ बरोबर आला. मेस्त्रींनी तिला आरशाकडे पाठ करून उभे केले. हात वर करायला लावले, छातीशी मिठी घालायला लावली, उकिडवे बसवून बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधायला लावले. आजोबांना एकच सुचले : बाह्या तरी लांब कराव्यात, थंडी फार असेल. “नको आजोबा,” ती म्हणाली, “हातमोजे कोपरापर्यंत येतात. बाही आखूडच बरी.” पाठीच्या चुण्यांनाही तिने हात लावू दिला नाही.

तेव्हा उसवायच्या राहिल्या त्या फक्त बाजूच्या शिवणी. आत लोंढ्याच्या शिंप्याने दोन्ही अंगांना तब्बल तीन बोटे माया सोडली होती. वडील कधी अंगाने भरले तर उपयोगी पडावी म्हणून. ते कधी भरले नाहीत. साठ वर्षे उजेड न पाहिलेली ती पट्टी बाहेरच्या तपकिरी पडलेल्या कापडाशेजारी अगदी काळीभोर दिसत होती. बाजू आत घेताना वाढलेले कापड कापून टाकावे का, असे मेस्त्रींनी विचारले. गृहस्थांनी नको म्हटले. ती माया जुन्या मायेवर दुमडून शिवली गेली, त्यामुळे शिवण जरा जाड झाली आणि कोटाचे वजन जेवढे होते तेवढेच राहिले.

डिसेंबरात बनिहालहून फोन आला. पाठ उत्तम चालते, ओला झाला की वास येतो, बरोबरचे लोक या कापडाचे नाव विचारतात, असे तिने सांगितले. मग म्हणाली, “आजोबा, डाव्या बाजूला आत, छातीशी, सुतळीची एक छोटी कडी शिवलेली आहे. बटणाची नाही. कशाला असेल?” त्यांनी बराच वेळ विचार केला. कंदील अडकवायला, शिट्टीला, निशाणाच्या काठीला, काहीही असू शकेल. ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना त्यांनी कधी विचारले नव्हते. “राहू दे तशीच,” ते म्हणाले.