सडी स्वारी

दिल्लीहून मोटारीने हिमालयाकडे जाणाऱ्या मराठी माणसाला पानिपत टाळता येत नाही. पहाटे निघावे, तर ऊन चढण्यापूर्वीच नव्वदएक किलोमीटरांवरचे ते गाव येते आणि उड्डाणपुलावरून पाहता पाहता मागे पडते. २०२२च्या जूनअखेरीस आम्ही तेथून गेलो, तेव्हा आमच्या गाडीच्या टपाकडे पाहून पत्नी म्हणाली होती, “अहो, भाऊसाहेबांचे बाजारबुणगे निघाले म्हणायचे!” आम्ही तिघेही मनापासून हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे तिसऱ्याच रात्री कळली.

गाडीतच संसार थाटून डोंगरांत हिंडावे, ही माझी जुनी हौस. त्यासाठी वर्षभर मी करोलबागेतील नाईवाला गल्ली आणि काश्मिरी दरवाजाजवळचा सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. टपावर लोखंडी जाळी बसवली. तिच्यावर शिडीने चढण्याचा, घडीचा तंबू. बाजूला उलगडणारे कापडी छत. कीर्तिनगरच्या सुताराकडून मागची बैठक काढून तिच्या जागी खणांची लाकडी पेटी करवून घेतली. वर बिछाना, खाली स्वयंपाकघर. दुसरी बॅटरी, दिव्यांची माळ, घडीचे टेबल, तीन खुर्च्या. पुढे लोखंडी संरक्षक दांडाही लावायचा होता. परंतु अशा दांड्यांवर केंद्र सरकारने २०१७च्या डिसेंबरात बंदी आणलेली, म्हणून तो बेत नाइलाजाने सोडला. धडकेच्या वेळी हा दांडा हवेच्या पिशव्यांच्या संवेदकांना चकवतो, हे कारण मला मागाहून समजले.

वृद्ध मिस्त्रीने टपावरचा भार हाताने चाचपला आणि मान हलवली. “बाबूजी, गाडी है, टेम्पो नहीं.” टपावरचे वजन गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते, वळणावर ती झुकते, ब्रेकला उशिरा दाद देते, हे सारे त्याने आपल्या भाषेत सांगितले. मला त्याच्या बोलण्यात जुन्या माणसाची भीड दिसली. दुकानदाराच्या बोलण्यात मात्र शास्त्र दिसले. कारण तो विकत होता आणि मी घेत होतो.

या जमवाजमवीचा एक सूक्ष्म परिणाम असा झाला की, वाटेवरचे मुक्काम मला अनावश्यक वाटू लागले. घर बरोबर आहे, मग थांबायचे कशाला? पहिली रात्र मनालीला, सुमारे दोन हजार मीटरांवर. दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून लाहौलात उतरलो आणि ग्रांफू, छतरू, बातल असे करीत संध्याकाळी चंद्रतालच्या तळावर पोहोचलो. उंची सव्वाचार हजार मीटरांच्या वर. तीन हजारांच्या पुढे रोजच्या निजण्याची उंची पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा साधा नियम मी वाचला होता. परंतु तो पायी चालणाऱ्यांसाठी आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

तिसऱ्या दिवशी मुलाचे डोके दुखू लागले. तो चौदा वर्षांचा. दुपारी त्याला उलट्या झाल्या, तरी सकाळपर्यंत बरे वाटेल असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. रात्री नऊच्या सुमारास तो लघवीला जाण्यासाठी शिडीवरून उतरला आणि सपाट जमिनीवर दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. तळावरच्या स्पिती भागातील माणसाने त्याला चार पावले सरळ रेषेत चालायला सांगितले. त्याला ती टाकता येईनात. “याला आत्ताच खाली न्या,” एवढेच तो म्हणाला.

आणि गाडी हलेना. यंत्रात बिघाड नव्हता. तंबू मिटल्याखेरीज ती हलवताच येत नव्हती. वाऱ्याने ताठरलेले कापड घडीत बसेना, चेन अडकली, बोटे बधिर झाली. छत गुंडाळायचे, शिडी सोडवायची. मुलाला आडवे करावे, तर मागे लाकडी पेटी, तिच्यावर खुर्च्या आणि टेबल. “अहो, सामान राहू द्या, आधी त्याला निजायला जागा करा,” असे पत्नी पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि जागा करायची म्हणजे सामानच उपसायचे होते. निघायला पाऊण तास लागला. अखेर मुलगा पुढच्या आसनावर आईच्या कुशीत मुडपून बसला. नाले ओलांडीत पहाटेच्या आधी छतरूला पोहोचलो. हजारएक मीटर खाली आल्यावर त्याने पाणी मागितले, ते पोटात ठरले आणि सकाळी तो आपल्या पायांनी चालला. त्या पाऊण तासाचा हिशेब मात्र माझ्या मनातून आजवर मिटलेला नाही.

परतताना पुन्हा पानिपत लागले. या वेळी कोणी हसले नाही. मार्च १७६०मध्ये परतूरहून निघालेल्या त्या फौजेबरोबर यात्रेकरू होते, कुटुंबे होती, जड तोफा होत्या. जड सामान आणि बायकामुले मागे ठेवावीत, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे सांगतात. भाऊसाहेबांना दोष देणे सोपे आहे. पण फौजेच्या आधाराने उत्तरेची तीर्थे पाहू इच्छिणाऱ्यांना नाही म्हणणे त्यांना सोपे नसावे. पुढे रसद तुटली आणि त्या तळावर माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली. त्याच दिल्लीवर १७३७मध्ये पहिले बाजीराव जड सामान मागे ठेवून, सड्या घोडदळानिशी, कोणाला चाहूल लागण्यापूर्वी येऊन गेले होते. ‘सडा’ हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्द! ज्याच्याबरोबर ओझे नाही तो सडा. त्याला थांबताही येते आणि निघताही येते. शाळेत हे दोन्ही धडे मी शिकलो होतो, मुलांना शिकवलेही होते.

२०२४च्या सप्टेंबरात पुन्हा जायचे ठरले, तेही मुलाच्याच आग्रहावरून. या वेळी यादीत पहिली नोंद कोणत्याही वस्तूची नव्हती; पाच जादा रात्रींची होती. मनालीऐवजी सिमल्याच्या वाटेने कल्पा, नाको, काझा असे चढत जायचे. टपावरचे सारे उतरवले. पेटी विकली आणि मागची बैठक परत बसवली. मूळ मापाचेच, पण दणकट टायर घेतले. पंक्चर काढण्याचा संच, हवा भरण्याचा लहान पंप, ओढण्याचा दोर आणि फावडे. जमिनीवर उभारायची साधी राहुटी, जी वेळ पडली तर तशीच टाकून निघता येईल. उबदार पिशव्यांपेक्षा त्यांच्याखालच्या जाड गाद्यांवर अधिक खर्च केला, कारण अंगातली ऊब जमीन अधिक ओढून घेते. त्या उंचीवर पाणी शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून भातासाठी प्रेशर कुकर हवाच. गार पहाटे ब्यूटेनची नळकांडी मंदावतात. तेव्हा आजीच्या वेळचा पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावरून काढून घासला. रक्तातला प्राणवायू मोजणारे चिमट्यासारखे यंत्रही घेतले. पण चार पावले सरळ चालून पाहण्याची परीक्षा आम्ही त्याहून वरची मानली.

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात फिरवला आणि काही न बोलता बिल केले.

चंद्रतालच्या तळावर या खेपेस सातव्या रात्री पोहोचलो. सर्वांनी भात खाल्ला. निजण्यापूर्वी मी गाडीचे तोंड उताराकडे करून ठेवले आणि किल्ली उशाशी घेतली. रात्री दोनदा जाग आली. मुलगा शांत झोपला होता. बाहेर जाऊन मी काचेतून पाहिले: मागच्या बैठकीवर एक घोंगडी पसरलेली होती, दुसरे काहीही नव्हते.