रिकामी जागा

आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. मोटारीच्या जुन्या रेडिओवर त्या ऐकायच्या, तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर लागतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा शोधून त्याला बोलते करायचे. पुण्यात ही जागा सहजी सापडत नाही. एफएमचा स्वभावच असा, की एकाच लहरीवर दोन आवाज आले तर रेडिओ प्रबळ तेवढाच धरतो. दुर्बळ लुप्त होतो. ताम्हिणी घाटात डोंगर शहरातली केंद्रे अडवतात आणि ओवी स्वच्छ उमटते. लोकसाहित्याच्या तासाला ‘मौखिक परंपरा क्षीण झाली’ हे विधान आले, की आम्हांला तो घाट आठवतो. आवाज होता तेवढाच असतो; आक्रसते ती त्याच्या वाट्याची जागा.