बेसच्या तारेसाठी घरचा ॲम्प्लिफायर

पूर्णेला आमच्या वस्तीच्या भीमगीत पार्टीत माझी लेक बेस गिटार वाजवते. ढोलकीपुढे तिची तार कुणालाच ऐकू येत नसे. साऊंडवाल्याचे भाडे वर्गणीतून 14 एप्रिलपुरते निघते. सरावाला कोण देणार?

म्हणून आम्ही बापलेकींनी टीडीए 2030 या आयसीवर ॲम्प्लिफायर बांधला. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या. चार ओहमच्या स्पीकरवर दहा वॉटच्या आसपास मिळतात. आयसीला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवाच.

बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. स्पीकरआधीचा कपॅसिटर 220 मायक्रोफॅरडचा असेल तर हा खोल आवाज तिथेच अडतो. 2200 चा लावावा. स्पीकरही उघडा ठेवू नये, पुढचा आवाज मागच्याला खातो. प्लायच्या बंद पेटीत तोच स्पीकर बोलू लागतो. खरे काम पेटीचे, नाव मात्र आयसीचे!

वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव गात फिरले ते शब्द पोचावेत म्हणून. बेस शब्दांवर चढू नये, असे मी लेकीला बजावतो. ती म्हणते, "बाबा, पण शब्दांखाली जमीन नको का?"

आता विहारात वंदना झाली की सराव होतो. लाईट गेली तरी थांबत नाही.