देव्हाऱ्याचा वारसा

थोरल्या बंधूंचें वर्षश्राद्ध झालें आणि घरचा देव्हारा रीतीप्रमाणें आमच्याकडे आला. मार्कंड्यास वैनगंगा उत्तरवाहिनी होते, त्याच तीरावर आमचें मूळ घर. देव्हारा आलापल्लीकडील सागवानाचा. चार खांब, वर कळस, खालीं एक खण. उचलतांना चौघांची दमछाक झाली.

खण उघडला तों बंधूंच्या हातचा एक कागद सांपडला. त्यावर वडील, आजोबा, पणजोबा आणि मातृत्रयी यांचीं नांवें व तिथि. संकल्पाच्या वेळीं नांव अडूं नये म्हणून केलेली ही सोय! चिनी गृहस्थ पूर्वजांचीं नांवें लांकडी पाट्यांवर लिहून पूजेच्या कपाटांत मांडीत, आणि तें कपाट बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. आमचे पितर देव्हाऱ्यांत बसत नाहींत. ते जिभेवर राहतात. लेकीविषयीं मात्र दोन्ही घरें सारखींच. तिकडे तिची पाटी माहेरीं लागत नसे. इकडे लग्नाबरोबर तिचें गोत्र पालटतें.

कागदाच्या पाठीमागें दुसरें अक्षर होतें, पुतणीचें. बंधु अंथरुणास खिळले तीं तीन वर्षें पूजा तिनेंच केली. बाणाचा अभिषेक, शाळिग्रामाची तुळस, सारें टिपून ठेविलेलें. देव्हारा हलविला त्या दिवशीं ती दारांत उभी राहून एवढेंच म्हणाली, "काका, खालच्या फळीकडे लक्ष असूं द्या. तिथें वाळवी धरते." आम्हीं मान हलविली. दुसरें कांहीं सुचलें नाहीं, हें खरें.

कलकत्त्याच्या मलिक घराण्यांत कुलदेवतेची मूर्ति कोठें न्यावी यावरून तंटा झाला, तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालीं सांगितलें कीं मूर्ति म्हणजे घरांतील सामानसुमान नव्हे. तिचीहि इच्छा पाहिली पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीनें लेक जन्मतः सहदायाद झाली. आणि जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेले आम्ही 'रीत' म्हणून चार गडी बोलावून मोकळे!

पुढें आमचे चिरंजीव म्हणाले, "पुण्याच्या सदनिकेंत हें धूड मावायचें नाहीं. देव तेवढे ठेवूं, लांकूड विकूं." त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सकाळीं नागपूरला पुतणीस पत्र घातलें : तुझ्या घरच्या पूर्वेकडील भिंतीची लांबी-उंची कळव, महाशिवरात्रीच्या यात्रेस आलीस कीं नेण्याचें ठरवूं.

चौथ्या दिवशीं उत्तर आलें. माप होतेंच, खालीं एक ओळ होती : "कळस निघतो, काका. मागच्या बाजूस लांकडी खुंटी आहे, ती आधीं सैल करावी."

ती खुंटी आम्हांस ठाऊक नव्हती.