मुरमाच्या वाटा

नंदुरबार जिल्ह्याची रचना उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहिली, तर आधी नर्मदेची खोल दरी, मग सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या पायथ्याशी तापीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे आणि त्याच्या दक्षिणेला नवापूरपर्यंत पसरलेला डोंगराळ पट्टा असा क्रम लागतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वभावही याच क्रमाने बदलतात. खोऱ्यातले रस्ते सरळ, रुंद आणि ऊस, कापूस, मिरची यांच्या वाहतुकीने सदैव गजबजलेले असतात. तळोदा, शहादा किंवा अक्कलकुवा सोडून उत्तरेला वळले, की चांदसैली किंवा देवगोईचा घाट लागतो, घाटमाथ्यावर मुख्य रस्त्याला फाटे फुटू लागतात, आणि या फाट्यांपैकी पुष्कळसे थोड्याच अंतरावर डांबर सोडून मुरमावर येतात. रुंद टायरच्या सायकलीने निवांत हिंडावयाचे, वाहनांची वर्दळ टाळावयाची आणि डोंगर चढ-उताराच्या गतीने समजून घ्यावयाचा, असा जो सायकलप्रवासाचा प्रकार फ्रान्सच्या डोंगराळ ग्रामीण भागात रुजला आहे, त्याला साजेशा वाटा महाराष्ट्रात शोधावयाच्या झाल्यास त्या इथे सापडतात.

मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसापासून दख्खनचा हा काळा खडक बनला. त्यातील सच्छिद्र थर हवा-पाण्याने लवकर कुजतात आणि त्यांचा तांबूस-करडा, हाताने फुटणारा चुरा होतो. या चुऱ्यात खडे आणि चिकण अंश असे दोन्ही असल्यामुळे तो पाणी मारून दाबला की बसतो, आणि म्हणूनच खडीकरणात, म्हणजे फोडलेल्या दगडाचा थर अंथरून त्यावर रोलर फिरवण्याच्या कामात, खडीच्या फटी भरण्यासाठी आणि साइडपट्ट्यांसाठी मुरूम वापरला जातो. ज्या लाव्हारसाला पृष्ठभागावर पसरता आले नाही, तो भेगांमध्येच उभा गोठला. अशा उभ्या दगडी भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे परिसर त्यांच्यासाठी भूशास्त्रज्ञांना चांगलाच परिचित आहे, कारण भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर त्या साधारण पूर्व-पश्चिम दिशेने धावणाऱ्या अरुंद, लांबलचक टेकड्या होऊन उरल्या आहेत. दक्षिणोत्तर जाणाऱ्या वाटेला त्यांच्यातील खिंड हुडकावी लागते, तर पूर्व-पश्चिम जाणारी वाट कितीतरी अंतर त्यांच्या सावलीतून चालते.

दगड अंथरून रस्ता बांधण्याच्या आधुनिक शास्त्राचा एक धागा फ्रान्समधून निघतो, हे येथे सांगणे अस्थानी होणार नाही. लिमोज या डोंगराळ प्रांतातील अभियंता पिएर त्रेसागे याने १७७५ मध्ये आपली पद्धत मांडली: तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, सर्वांत वर बारीक व कठीण खडी, आणि पाणी निथळून जावे म्हणून मध्यभागी हलकासा फुगवटा. पुढे स्कॉटलंडच्या जॉन मॅकॲडमने तळाचे मोठे दगड अनावश्यक ठरवले. कोनदार बारीक दगड एकमेकांत अडकून वाहनांच्या भारानेच घट्ट होतात, मात्र खालची जमीन कोरडी राहिली पाहिजे, हे त्याचे म्हणणे होते. सातपुड्यातील मुरमाचा रस्ता नेमका या शेवटच्या अटीशी झगडतो. जूनपासून चिकण अंश भिजून घसरडा होतो, उतारावरून धावणारे पाणी रस्त्याच्या मधोमध आपली नाळ कोरते, ओढ्यांवरच्या फरश्या, म्हणजे पुराचे पाणी वरून वाहू देणारे बुटके पूल, काही तास किंवा काही दिवस पाण्याखाली जातात. दसऱ्यानंतर रस्ता कोरडा पडतो, पण पावसाळ्याने केलेले कोरीव काम तसेच राहते.

सायकलीच्या चाकाला हे सगळे वाचता येते. जीप आणि पिकअपच्या सततच्या येण्याजाण्याने दोन चाकोऱ्या घट्ट झालेल्या असतात, मधल्या उंचवट्यावर गवत माजलेले असते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला चाकांनी उडवलेली सुटी खडी साचलेली असते. तीत शिरलेले पुढचे चाक हँडलचे ऐकेनासे होते. पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यांतील हवा थोडी कमी, एवढ्यावर हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण मऊ टायर खड्यावरून उसळण्याऐवजी त्याच्याभोवती दबतो. हवा भरलेल्या टायरची ही किमया डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला व्यवहारात आणली. पंक्चर झाल्यास सहज काढता येणारा टायर १८९१ मध्ये मिशलॅं बंधूंनी फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ या गावी तयार केला, आणि हे गाव विझलेल्या ज्वालामुखींच्या रांगेच्या पायथ्याशी, काळ्या दगडाच्या घरांचे आहे, हा योगायोग सातपुड्याच्या वाचकाला आवडावा.

चढाचे गणित मात्र टायरने सुटत नाही. सेंत-एतियेनचा पॉल द व्हीवी (१८५३–१९३०), जो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलविषयक नियतकालिक चालवत असे, गावाजवळची ११६१ मीटर उंचीची खिंड वारंवार चढे आणि बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार करी. तरीही टूर द फ्रान्स या प्रसिद्ध स्पर्धेने साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगी दिली नाही, जणू सोपेपणा हा दोषच होता. तोरणमाळची उंची जवळजवळ तेवढीच आहे, आणि शहाद्याच्या सपाटीवरून तिथे पोहोचताना हजारेक मीटरचा चढ अंगावर येतो. याच डोंगरांतल्या शाळांसमोर एकाच गिअरच्या, जड सांगाड्याच्या, पुढे टोपली लावलेल्या सायकली ओळीने उभ्या दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना त्या दिल्या जातात. मुली उतारावर त्या चालवतात आणि चढावर हातात धरून नेतात. व्हेलोसिओचे सारे तत्त्वज्ञान या मुलींना कोणी सांगितले नसले, तरी चढावर उतरून चालण्यात कमीपणा नसतो, एवढे त्यांना स्पर्धेच्या आयोजकांपेक्षा आधी कळलेले आहे.

या वाटांची शांतता दिसते तशी एकजिनसी नाही. फ्रान्सच्या मध्यवर्ती डोंगरांत ती आली, कारण गावांतील माणसे पिढ्यान् पिढ्या शहरांकडे निघून गेली आणि वाहतुकीने मोठे रस्ते धरले. मागे उरलेल्या पांढऱ्या खडीच्या वाटा सायकलस्वाराला आयत्या मिळाल्या. सातपुड्यात मात्र माणसे आहेत, पण फार विखुरलेली आहेत. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे आपापल्या शेताच्या चढावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. पाडा म्हणजे दाटीची वस्ती नव्हे, तर एका डोंगरउतारावर पसरलेली घरे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने डोंगरी व आदिवासी भागासाठी लोकसंख्येची अट पाचशेवरून अडीचशेवर आणली, तरी अशा पसरट पाड्याची वस्ती कुठून कुठवर मोजावी हा प्रश्न कागदावर सुटण्यासारखा नाही. जिथे वाट पोहोचत नाही तिथून बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावी लागते. म्हणून मुरमाच्या रस्त्याचे सौंदर्य वर्णन करणाऱ्याने तो रस्ता तसाच राहावा अशी इच्छा धरणे हे निखालस स्वार्थाचे आहे; डांबर यावे, आणि सायकलस्वाराने पुढच्या फाट्यावर मुरूम शोधावा, हाच न्याय.

फिरण्याचा काळ दसरा ते होळी. मार्चमध्ये पळस पेटतो, पहाटे मोहाखाली फुले वेचणाऱ्या बाया-मुले दिसतात, आणि उन्हे चढली की धडगाव-मोलगीकडे कैरीच्या फोडी आमचुरासाठी खडकांवर वाळत पडण्याचे दिवस जवळ येतात. होळीच्या रात्री मात्र मोलगीजवळच्या काठीकडे जाणाऱ्या साऱ्या वाटा भरून जातात: मोरपिसांचे उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरे, अंगावर राखेचे ठिपके, खांद्यावर ढोल घेतलेले पुरुष, सोबत चांदीने मढलेल्या बाया, आणि पाड्यापाड्यांतून उतरणारी ही माणसे पहाटे पेटणाऱ्या होळीपर्यंत नाचत-चालत राहतात. त्या रात्री सायकल चालवण्याजोगी जागा कुठल्याच चाकोरीत उरत नाही.